उजव्या नाकपुडीचा उपास

“मग कुठली सोडता, काकी? उजवी की डावी?”

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी हे इतकं सहज विचारलं की विमलकाकीला क्षणभर वाटलं, आपण बांगड्या भरायला बसलोय आणि समोरची बाई विचारतेय, हिरव्या देऊ की लाल? तिने नाकाला हात लावला. दोन्ही नाकपुड्या जागेवर होत्या.

“सोडायची म्हणजे?”

“म्हणजे एका नाकपुडीत थेंब घालणं आजपासून पूर्ण बंद. दुसरीत अगदीच राहवेना तर घाला. दोन्ही एकदम बंद केल्या तर तुम्हाला झोप लागणार नाही, आणि आठवड्याच्या आत परत बाटली उघडाल. बंद केलेली आधी रुसेल. मग तिची तीच उघडेल. ती उघडली की दुसरी बंद करायची.”

“पण बाई, चोंदतं म्हणून तर घालते ना मी?”

“आधी सर्दीने चोंदलं होतं. आता थेंबांनीच चोंदतंय. हे औषध आतली सूज आवळून धरतं. त्याचा जोर ओसरला की सूज जास्तच रागाने परत येते. तुम्ही परत थेंब घालता. ती परत येते.”

विमलकाकी टेबलावरच्या त्या एवढ्याशा बाटलीकडे बघत राहिली. म्हणजे राखणदारच चोर! इतकी वर्षं आपण त्यालाच दारात बसवून निर्धास्त झोपलो.

“किती वर्षं घालताय?”

“देवळाचं शिखर नवीन झालं त्याच्या आधीपासून.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे तिला बरं वाटलं. त्यांनी पुन्हा एकदा दिवा लावून आत पाहिलं, रक्तदाब मोजला, तोही वाढलेला निघाला. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, एक वेगळा फवारा लिहून दिला आणि पुन्हा विचारलं, “कुठली?”

आता खरं तर हे त्यांनाच विचारायला हवं होतं. पण विमलकाकीच्या डोक्यात ‘सोडणं’ या शब्दाला एकच अर्थ होता. तिची सासू काशीला गेली तेव्हा तिने वांगं सोडलं होतं. वांग्यावर तिचा जीव होता म्हणून सोडलं. नावडतं कारलं सोडून कोणाला पुण्य लागलंय? दोघींतली बरी नाकपुडी उजवी होती. डावी मुळातच अरुंद, तिच्यातून धड वाराही जात नसे.

“उजवी,” विमलकाकी म्हणाली.

*

तिचा नवरा परशुराम, ज्याला सगळी वाडी भाई म्हणते, तो जन्मभर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत आला. तोंडवलीच्या घरी पोचल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“बरी ती देवाक आणि वायट ती आपणाक? अगो, नाक काय वांगा आसा, काशीक जावन सोडूक?”

“तुमका नाय कळाचा ता.”

“माका इंजिनातला कळता. चलता तो सिलिंडर बंद करून तू खटारो सिलिंडरावर बोट हाकूक निघालस. आणि मिठाचा पाणी नाकात घालूक डॉक्टर कित्याक होयो? इतको दर्या पुढ्यात आसा. जा, नाक बुडवून ये.”

सून प्राजक्ता ओसरीवर पाहुण्यांच्या चादरी घडी करत होती. घराच्या मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते. ती तोंड फिरवून हसली. विमलकाकीने पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं. नाक चोंदतं एवढंच सुनेला माहीत होतं. नाकाला वास येईनासा झालाय हे भाईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान विमलकाकीला तसं वाटत होतं.

कारण तिच्या घराकडे वाडीतल्या रवळनाथाच्या नैवेद्याचा मान होता. कार्तिकातल्या भजनी सप्ताहाच्या समाप्तीला देवाला काळ्या वाटाण्यांचं सांबारं, डाळ-भात आणि खीर जाते, आणि तेच मग सगळ्या वाडीच्या पंगतीला. आधी सासू रांधायची, तिच्यामागे विमलकाकी. आता देवाच्या अन्नाची गोष्ट अशी की ते आधी चाखायचं नाही. चाखलं की उष्टं. मग मीठ कसं बघायचं? सासूने सांगितलं होतं, वासाने. पण त्यातही गोम होती. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, मग हुंगलेलं सांबारं कसं चालेल?

“म्हणान टोपावर वाकाचा नाय,” सासू म्हणायची. “लांब रवाचा. आपण वासाकडे जावचा नाय, वासान आपणाकडे येवक होया. तो आपल्या पायान इलो तर दोष नाय.”

आणि इतकी वर्षं तो आपल्या पायाने येत होता. मिठाला वास नसतो असं लोक म्हणतात. नसेलही. पण मीठ पडलं की बाकीच्यांचे वास बदलतात, हे विमलकाकीला नववधू असतानाच कळलं होतं.

थेंबांची सुरुवातही अशाच एका सप्ताहात झाली. ऐन समाप्तीच्या तोंडावर सर्दी झाली, मालवणात औषधाच्या दुकानातून बाटली आणली, आणि दोन थेंबांत नाक असं उघडलं की दरवाजा उघडून समुद्र घरात यावा. पुढे सर्दी गेली, बाटली राहिली. पुढच्या एकादशीला तिला शंका आली. ती निर्जळी करायची आणि नाकातले थेंब तर घशात उतरतात, कडू लागतात. तिने भटजींना विचारलं. ते म्हणाले, “औषधाक दोष नाय, वहिनी.” झालं! ज्याला दोष नाही ते मोजायचं कशाला? पाण्याविना दिवस काढणारी बाई थेंबांविना दुपारही काढू शकत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. तिने चहा सोडून पाहिला होता, मीठ सोडून पाहिलं होतं, चातुर्मासात जेवताना वाढणारीशी बोलणंसुद्धा सोडलं होतं. थेंब सोडायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

*

उजव्या नाकपुडीचा उपास सुरू झाला, आणि विमलकाकीला एक नवाच छंद लागला.

सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती देवघरातलं पितळी ताट घ्यायची, नाकाखाली धरायची आणि श्वास सोडायची. चकचकीत पितळेवर वाफेचा ठिपका उमटायचा. एकच, डावीकडे. उजवीची जागा कोरडी. पहिल्या दिवसांत ती नाकपुडी भिंतीसारखी बंद होती, डोकं जड, तोंडाला कोरड. रात्र कशी गेली हे भाईला विचारावं. पण विमलकाकीला त्या हालांपेक्षा नवल जास्त वाटत होतं. आपल्याच तोंडावर हे एक घर आहे आणि आत कोण राहतं ते आपल्याला ठाऊकच नाही! थंडीत बंद का होतं, चुलीपुढे थोडं सैल का होतं, उजव्या कुशीवर झोपलं की डावं कसं मोकळं होतं? ती एकेक करून बघायची आणि भाईला सांगायची.

“अहो, आज उजवीचो ठिपको उमाटलो. मोहरीएवढो.”

“बरा. एकीक एकादस, दुसरीक बारस. दोघींचा जमता मा? भांडत नाय?”

“चेष्टा करा. पण बघा तरी.”

मग भाई चष्मा लावून ताटावर वाकायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, “आसा खरो. पिस्टन हलूक लागलो.”

वास मात्र नव्हता. ठिपका हळूहळू मिरीएवढा झाला, तरी धूप लावलेला कळायचा तो डोळ्यांना. डावीत थेंब घातले की थोडा वेळ वारा जायचा, पण त्या वाऱ्याबरोबर यायचा तो औषधाचाच कडवट दर्प.

अशात एका संध्याकाळी देवळाच्या कमिटीचा गंगाराम आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, भाईशी बोटींबद्दल बोलला. मग म्हणाला, “काकी, रागावू नकात हां. यंदा माणसा वाढतली. मुंबयकार येतले. म्हटला, कणकवलीचो केटरर सांगूया. तुमी नुसती देखरेख करा.”

“आणि देवाचो टोप?”

“तो पण तेंच्याचकडे बरो पडतलो. एका जाग्यार.”

“ते चाखतत?”

गंगारामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मऊ माणूस होता. गेल्या वर्षीचं त्याने नावही काढलं नाही. कोणीच काढलं नव्हतं. प्रसादाला नावं ठेवायची नसतात, ही वाडीची रीत. पण आपल्याकडे पंगतीत पानाच्या वरच्या कडेला आधी मीठ वाढतात, आणि ते तिथेच राहिलं तर समजावं रांधप बरोबर झालंय. विमलकाकी दर वर्षी जेवणं उठल्यावर पानं बघत जायची. कोणी काय बोललं याच्याशी तिला घेणं नव्हतं, पानं खोटं बोलत नाहीत. गेल्या वर्षी तिने सकाळीच दोन्ही नाकपुड्यांत भरभरून थेंब घातले होते, नाक आतून जळत होतं, आणि वास बरोबर आहे असं तिने स्वतःला समजावलं होतं. त्या दिवशी एकाही पानावर मीठ उरलं नव्हतं. ती वर्षभर ती मीठ न उरलेली पानं डोळ्यांपुढे घेऊन फिरत होती.

“ह्या वर्षी मियाच करतंय, गंगाराम,” ती हळू आवाजात म्हणाली. “मगे पुढच्या वर्षी तुमी म्हणशात तसा.”

“मान तुमचोच, काकी. तो कोण काढून घेता? पण...”

तो टोपी घालून उठला. ‘पण’ मात्र ओसरीवरच ठेवून गेला.

*

समाप्तीच्या दिवशी देवळाच्या मागच्या मांडवात चुली पेटल्या. पुढे भजन टिपेला पोचलं होतं, टाळांचा आवाज माडांवरून परत येत होता. विमलकाकी आंघोळ करून, ओलेत्याने पाणी भरून, सोवळ्याचं लुगडं नेसून उभी होती. कनवटीला बाटली होती. डावीत घातलेले सकाळचे थेंब भात उतरेपर्यंतच संपले, आणि आता दोन्ही बाजू बंदच म्हणायच्या.

सांबाऱ्याचा टोप रटरटू लागला. काळे वाटाणे शिजून मऊ झाले होते, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप पडलं होतं, मीठही पहिल्या अंदाजाने घातलं होतं. रंग बरोबर होता. बुडबुडे जड, आळशी फुटत होते, तेही बरोबर. टोपाचा आवाजसुद्धा तिला ओळखीचा वाटत होता. पण मीठ डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. ती नेहमीच्या जागी, टोपापासून लांब, खांबाशेजारी उभी राहिली आणि वाट बघत राहिली. कोणीच आलं नाही.

एक पाऊल पुढे टाकलं. मग थांबली. आणखी पुढे जाऊन वाकलं तर ते हुंगणं झालं.

ती देवळामागच्या विहिरीकडे गेली. कठड्याला टेकून कनवटीची बाटली काढली. झाकण उघडलं. उजवी नाकपुडी इतके दिवस उपाशी. तिला आता दोन थेंब दिले तर ती क्षणात उघडेल, पहिल्या वेळी उघडली होती तशी. आत पूर येईल वासांचा. घटकाभराचं काम. देवाचंच काम. औषधाला दोष नाही.

तिने मान मागे टाकली. वर माडाच्या झावळ्या आणि त्यांच्यातून तुकड्या-तुकड्यांचं आभाळ. नेमाचं कसं असतं, तो मोडायच्या वेळी माणूस नेमका शहाणा होतो. गेल्या वर्षी भरभरून घातले होतेच की. काय कळलं?

“आई, सांबाऱ्याक बरी उकळी इली. मीठ बघतास मा?”

प्राजक्ता. तीही सोवळ्यात, पदर खोचलेला, हाताला खोबरं लागलेलं. तिची नजर बाटलीवर गेली आणि तिथून विहिरीत उतरली, जणू ती पाणी किती आहे ते बघायलाच आली होती.

विमलकाकीने मान सरळ केली. इतकं साधं वाक्य, पण ते बोलायला तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

“माका वास येत नाय गो.”

“माका ठावक आसा.”

“कोणी सांगल्यान? ह्यांनी?”

“कोणी नाय. गेल्या वर्षी पंगतीत परत मीठ वाढूक मियाच फिरलंय, आई.”

वर्षभर ही पोरगी एका चुलीपुढे आपल्या शेजारी बसत होती. एका शब्दाने बोलली नाही. विमलकाकीने बाटलीचं झाकण लावलं. पिळून घट्ट लावलं.

“तुका येता?”

“काय?”

“वास गो.”

“न येवक काय झाला?”

“चल तर.”

तिने प्राजक्ताला खांबाशेजारी, आपल्या जागी उभं केलं. प्राजक्ता लगेच टोपाकडे निघाली, तशी विमलकाकीने तिचा हात धरला.

“वाकू नको. थंयच रव. आपण जावचा नाय. तो येतलो.”

“आणि नाय इलो तर?”

“येता. तुका भियाता काय? उगी रव.”

प्राजक्ताने डोळे मिटले. भजनातला मृदंग चढत होता. वाऱ्याने धूर एकदा इकडे, एकदा तिकडे नेला.

“इलो,” ती म्हणाली. “खोबऱ्याचो. भाजलेल्या.”

“तो सगळ्यात फुडे असता. तेच्या मागसून कोण?”

“तिखट मिरशेंग. धणे.” तिने हनुवटी वर केली. “आणि एक काय तरी आसा... सांगूक येत नाय. शाळेतली पाटी ओली केल्यार येता, तसा.”

विमलकाकीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. तिला स्वतःला तो वास गेल्या समाप्तीलाही आला नव्हता, पण तो काय होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. सासू त्याला पावसाळ्यातली भिंत म्हणायची. काळ्या वाटाण्याचा मातकटपणा, बाकीच्यांत न मिसळता कोपऱ्यात एकटा बसलेला.

“वेगवेगळे मोजूक येतत?”

“होय. पाटी एकदम वेगळी.”

“म्हणजे मीठ उणा. वास मोजूक येतत तवसर मीठ उणाच समजाचा.” तिने मूठ भरून मीठ घेतलं, बोटांमधून थोडं परत सांडलं, टोपात फिरवून टाकलं. उलथणं खालून वर नेलं. परत येऊन सुनेशेजारी उभी राहिली. “आता?”

“पाटी आसा. पण लांब गेली.”

आणखी चिमूट, पाचही बोटांची. पुन्हा उकळी. दोघी खांबाला लागून उभ्या, एकीचं नाक आणि दुसरीचे डोळे.

“आता?”

प्राजक्ताने आणखी एक श्वास घेतला. मग डोळे उघडून लाजल्यासारखी हसली.

“आता कोणाचाच नाव सांगूक येत नाय, आई. आता नुसती भूक लागली.”

“बस,” विमलकाकी म्हणाली. “उतरा टोप.”

*

नैवेद्य गेला. गाऱ्हाणं झालं, प्रत्येक मागण्याला वाडीने एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि पंगत बसली. मांडवात केळीची पानं पडली. गंगाराम स्वतः मीठ वाढत गेला, प्रत्येक पानाच्या कडेला एक लहानशी पांढरी रास. विमलकाकी टोपांच्या मागे पाटावर बसून राहिली. तिला तिथून माणसांच्या पाठी दिसत होत्या. पाठींवरून काही कळत नाही. “सांबारा आणा हयसर!” असं एकदोघे ओरडले, पण ते दर वर्षीच ओरडतात.

जेवणं उठली. मुंबईकर हात धुवायला विहिरीकडे गेले. विमलकाकी उठली आणि पानांच्या रांगेतून चालू लागली, नेहमीसारखी, पदर सांभाळत, काही पडलंय का बघत असल्यासारखी.

पहिल्या पानावर मीठ होतं. जसं वाढलं तसं. दुसऱ्या पानावर होतं. तिसऱ्यावर कोणाच्या तरी बोटाचा ठसा तेवढा उमटलेला. मग एक पान आलं, मीठ चाटूनपुसून साफ. ती थबकली. पण त्या पानाशेजारी अर्धी खाल्लेली हिरवी मिरची पडली होती, आणि ते पान भाईचं होतं. हा माणूस देवाच्या खिरीलाही मीठ लावून खाईल. ती पुढे गेली. रांगेच्या शेवटापर्यंत छोट्या पांढऱ्या राशी तशाच होत्या, मिठागरातल्यासारख्या.

मांडवाच्या तोंडाशी गंगाराम मिठाची वाटी हातात धरून उभा होता. त्याला वाटी पुन्हा फिरवावी लागली नव्हती. त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, “काकी, आता तुमी बसा.”

मागच्या पंगतीला रांधपिणी बसल्या. प्राजक्ताने विमलकाकीपुढे पान मांडलं, मीठ वाढलं, भात, त्यावर सांबारं. विमलकाकीने चित्राहुती घातली, हात जोडले आणि पहिला घास घेतला.

गरम लागला. मऊ लागला. वाटाण्याची साल दाताखाली आली, खोबऱ्याचा रवाळपणा आला. जिभेच्या टोकाला खारटपणाची नुसती चाहूल. बाकी काही नाही. कोणी लांबून हात करावा आणि तो कोण ते ओळखू येऊ नये, तसं. आयुष्यभर तिने हे सांबारं आधी चाखलं नव्हतं, नंतर मात्र चाखलं होतं. तिने दुसरा घास घेतला, तो जास्त हळू खाल्ला. तेवढंच.

“कसा झाला, आई?” प्राजक्ताने विचारलं. ती वाढायची थांबली होती. हातातल्या पळीतून सांबाऱ्याचा एक थेंब पानाच्या कडेला पडला.

शेजारच्या रांधपिणी जेवता जेवता बघत होत्या. जेवणं झाल्यावर त्यांच्यातलीही कोणीतरी पानं बघत जाईल, हे विमलकाकीला माहीत होतं.

“बेस झाला,” ती म्हणाली. “वाढ आणखी.”

आणि पान पुसून साफ होईपर्यंत ती जेवली. वरच्या कडेचं मीठ मात्र तिने वाढलं तसंच ठेवलं.